यादीआधी दार: दारिद्र्य निर्मूलनाचं राष्ट्रीय धोरण कुठून सुरू करावं?

प्रश्न: दारिद्र्य निर्मूलनाच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा तयार करणाऱ्या सरकारी गटात मी नुकतीच रुजू झाले आहे. सहा महिन्यांची मुदत आहे. पहिल्याच बैठकीत ठरलं, की आधी गरीब कुटुंबांची पक्की यादी करायची, मग त्यांच्यासाठी योजना आखायच्या आणि शेवटी खर्चाचा अंदाज मांडायचा. हा क्रम बरोबर आहे का? तुम्ही सुरुवात कुठून केली असती?

उत्तर: क्रम उलटा आहे, आणि पहिल्या महिन्यात बदलता आला तर जरूर बदला. यादी, योजना, पैसा असा क्रम कागदावर सरळ दिसतो, म्हणून बहुतेक गट तिथूनच सुरुवात करतात. माझी तीसेक वर्षं ग्रामविकासाच्या कामात गेली, त्यातली बरीचशी मराठवाड्यात. पुढे तुमच्यासारख्या मसुदा गटांबरोबरही बसलो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सरकारनं गरिबाला शोधत फिरण्याआधी गरीब माणसाला हक्कानं येऊन मागता येईल असं दार उघडावं. यादी लागते, पण ती नंतर, आणि ज्यांना त्या दारापर्यंत चालत येणंच शक्य नाही त्यांच्यासाठी.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात जानेवारी महिन्यात कुटुंब सर्वेक्षण चाललं होतं, मी बरोबर होतो. वस्तीवर एका ओळीत अकरा घरं, त्यातल्या आठांना कुलूप. प्रगणक तरुण शिक्षक होता, मन लावून काम करणारा. प्रत्येक कुलपापुढे थांबून त्यानं फॉर्मवर लिहिलं, ‘कुटुंब आढळले नाही’. एका ओट्यावर म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसली होती. ती म्हणाली, "समदे कारखान्याला गेलेत. पाडव्याच्या आसपास येतील." सर्वेक्षणाची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. त्या आठ घरांतली माणसं तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहत होती आणि पहाटेच्या अंधारात ऊस तोडायला फडात उतरत होती. गावातली सगळ्यात गरीब माणसं तीच होती. यादीत मात्र आली ती माणसं, ज्यांना बारा महिने गावात राहणं परवडत होतं.

ही एका गावाची चूक समजू नका. गरिबाचं जगणंच असं असतं, की ज्या दिवशी मोजणारा येतो त्या दिवशी तो घरी नसतो, किंवा असतो पण त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो, किंवा त्या वर्षी जरा बरं चाललेलं असतं आणि पुढच्या वर्षी बैल मरतो. यादी म्हणजे एका दिवसाचा फोटो. आपण तो फोटो दहा-दहा वर्षं वापरतो.

आपल्या देशानं हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे, तो नीट वाचून काढा. दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण कुटुंबांची गणना १९९२ मध्ये झाली, तेव्हा वर्षाला ११,००० रुपयांच्या उत्पन्नाची मर्यादा होती. उत्पन्न विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. १९९७ मध्ये पद्धत बदलली. पक्कं घर, जमीन, फ्रीज, टीव्ही अशा गोष्टी असलेल्यांना आधी वगळायचं ठरलं. २००२ मध्ये तेरा प्रश्न आले, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. त्यात एक प्रश्न घरातल्या माणशी कपड्यांचा होता: दोनपेक्षा कमी, दोन ते चार, चार ते सहा, असे पर्याय. एखाद्या बाईला तिच्या दारात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, लुगडी किती आहेत असं विचारायचं आणि त्यावर तिचं रेशन ठरवायचं! कोणत्याही सरकारनं आपल्या नागरिकाला असा प्रश्न विचारू नये, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

त्याहून मोठी गफलत पुढे होती. एकूण किती कुटुंबं यादीत बसवायची याचा आकडा नियोजन आयोगाच्या अंदाजावरून आधीच ठरलेला होता. राज्यांनी गुण कुठे तोडायचे ते त्या आकड्यात बसेल असं ठरवायचं. म्हणजे मोजायच्या आधीच उत्तर ठरलं होतं. परिणाम असा, की राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या गरीब कुटुंबांपैकी साधारण निम्म्यांकडे दारिद्र्यरेषेखालचं कार्ड नव्हतं. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्यांतला निम्मा माणूस बाहेर.

गोंधळाचं मूळ लक्षात घ्या, कारण तुमच्या गटातही तो होणार आहे. गरिबी किती आहे हे मोजणं एक काम, आणि मदत कुणाला द्यायची हे ठरवणं दुसरं. पहिल्याला नमुना पाहणी लागते. काही लाख घरांत जाऊन खर्च विचारला, की देशाचा आणि राज्यांचा अंदाज बांधता येतो. त्या अंदाजातून शेजारच्या गल्लीतली कोणती बाई गरीब हे कधीच कळत नाही. शिवाय अंदाजही रेषा कुठे ओढली त्यावर हलतो. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ मध्ये देशात २१.९ टक्के, म्हणजे सुमारे २७ कोटी लोक गरीब ठरले. रंगराजन समितीनं रेषा थोडी वर ओढली आणि त्याच वर्षाच्या आकडेवारीवरून २९.५ टक्के, सुमारे ३६ कोटी, गरीब दिसले. एका समितीच्या टेबलावर नऊ कोटी माणसं इकडची तिकडे झाली. त्यांच्या जेवणाच्या ताटात काही फरक पडला नव्हता. म्हणून रेषेचा उपयोग प्रगती तपासायला करा. एक पद्धत निवडा, दहा वर्षं बदलू नका, आणि तिच्यावरून कुणाचं कार्ड कापू नका. बहुआयामी निर्देशांकही जोडीला ठेवा. त्यातून आरोग्य, शिक्षण, पाणी, स्वयंपाकाचं इंधन कुठे अडतं ते दिसतं. यावर तुमच्या गटाचे दोन महिने जाऊ देऊ नका, दोन बैठका पुरतात.

आता दाराकडे येतो.

महाराष्ट्राकडे या बाबतीत सांगण्यासारखं आहे, आणि ते आपण पुरेसं सांगत नाही. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, साठच्या दशकात एक साधी कल्पना चालवून पाहिली: जो काम मागेल त्याला काम. १९७२ चा दुष्काळ पडला आणि ती कल्पना सगळ्या राज्याला लागू करावी लागली. बहात्तरचं ज्यांना आठवतं त्यांना सुकडी आठवते, लाल मिलो, म्हणजे बाहेरून आणलेली लाल ज्वारी, आठवते, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आठवतात. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. तितक्या लोकांची आधी यादी करायची म्हटली असती तर पहिला पाऊस पडेपर्यंत फॉर्मच छापून झाले नसते. कुणालाही ‘तू गरीब आहेस का’ असं विचारलं गेलं नाही. उन्हात दिवसभर माती वाहायला जो येतो त्याला गरज आहे, हे गृहीत धरलं. ज्याला गरज नाही तो येत नाही. निवड आपोआप होते, आणि ती तलाठ्याच्या, सरपंचाच्या, पुढाऱ्याच्या हातात राहत नाही. बायका मोठ्या संख्येनं आल्या. कारण काम गावाजवळ होतं आणि मागायला नवऱ्याची सही लागत नव्हती.

पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. याच धाग्यावरून २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा (मनरेगा) विणला गेला: ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस, मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता.

कायदा होणं आणि दार उघडं राहणं यात मात्र फार अंतर आहे, आणि तुमच्या मसुद्याची खरी मेहनत या अंतरावर व्हायला हवी. दोन गोष्टी मी जवळून पाहिल्या.

पहिली तारखेची. त्या कायद्याखाली काम मागायचा अर्ज नमुना ४ वर असायचा आणि त्याची तारीख घातलेली पोच मजुराला मिळायला हवी होती. पंधरा दिवसांचं घड्याळ त्या तारखेपासून चालू व्हायचं. २००५ च्या कायद्यात मजुरीचा पैसा केंद्राचा, पण बेकारी भत्ता राज्याच्या तिजोरीतून, अशी विभागणी होती. तिचा परिणाम थेट खाली पोचला. एका गावात ग्रामरोजगार सेवकाच्या पिशवीत मी चाळीसेक अर्ज पाहिले. अंगठे होते, नावं होती, तारखेची जागा सगळ्यांवर कोरी. त्याला वरून तोंडी सांगितलेलं, काम मंजूर झाल्यावर तारीख टाक. तो पोरगा वाईट नव्हता, मानधनावर राबत होता आणि वरच्याच्या शब्दाबाहेर जायची त्याची ताकद नव्हती. पण त्या एका कोऱ्या रकान्यानं संसदेनं दिलेला हक्क बंद पडला होता. भत्त्याची आकडेवारी काढलीत तर ती नगण्य दिसेल, आणि बैठकीत कुणीतरी म्हणेल, बघा, सगळ्यांना वेळेवर काम मिळतंय.

म्हणून हमी लिहिताना पहिला प्रश्न विचारा: ती न पाळल्याचा भुर्दंड कुणावर पडतो, आणि पाळली गेली नाही हे नोंदवणारा माणूस कुणाचा? दोन्हींचं उत्तर एकच कार्यालय असेल तर हमी कागदावर राहणार. पोच देणारी जागा वेगळी करा. पोस्ट, रेशन दुकान, बचत गट, गावात जे काही विश्वासाचं असेल ते. आणि भत्त्याचा बोजा ज्या पातळीवर कामं मंजूर करायचा अधिकार आहे त्याच पातळीवर टाका.

दुसरी गोष्ट मजुरीच्या दिवसाची. ही मला जास्त छळते.

रोजगार हमीच्या मातीकामावर चौकडी, म्हणजे चौकोनी खड्डा, खणली, की मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवतात, किती खोल खणलं ते त्यावरून मोजायला. अभियंता येतो, टेप लावतो, माप पुस्तकात चढतं, मग हजेरीपत्रक पुढे जातं, मग खात्यावर पैसे. नियम पंधरा दिवसांचा. एका पाझर तलावाच्या कामावर मापासाठी माणूस आलाच नाही. तीन आठवडे खुंट उन्हात तसेच उभे होते, कडांनी ढासळायला लागले होते. एक बाई, पस्तिशीची असेल, रोज येऊन तिच्या चौकडीतल्या खुंटाला ओल्या मातीचा हात लावून जायची. खुंट पडला तर खोली कशी सिद्ध करणार! मजुरी मिळेपर्यंत सात आठवडे झाले. तेवढ्यात गावात मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा, येऊन गेला होता. तिनं आणि नवऱ्यानं मिळून एका कोयत्याची, म्हणजे जोडप्याच्या ऊसतोडीची, उचल आगाऊ घेतली होती.

इथे थांबून विचार करा. सरकारची मजुरी चार पैशांनी कमी होती म्हणून ती ऊसतोडीला गेली, असं नाही. ते काम सोपं म्हणून गेली, असंही नाही. सरकार पैसे देतं काम झाल्यावर, तेही कधी ते सांगता येत नाही. मुकादम पैसे देतो कामाच्या आधी, हातात, ज्या दिवशी किराणा दुकानदार उधारी बंद करतो त्याच आठवड्यात. त्या उचलीची किंमत पुढचे सहा महिने अंगमेहनतीनं फेडायची असते, पोरांची शाळा सुटते, आजारी पडलं तरी खाडा धरला जातो, हे तिला ठाऊक असतं. तरी तिचा निर्णय तिच्या जागी बरोबर होता. गरीब माणूस रोख कधी मिळणार यावर जगतो, वर्षाचं एकूण उत्पन्न नंतर येतं. आपण धोरणात सगळं वार्षिक उत्पन्नाच्या भाषेत लिहितो.

म्हणून माझा आग्रह असतो, की मजुरी वाढवायच्या चर्चेआधी मजुरीचा दिवस ठरवा. आठवड्याचा एक ठरलेला दिवस, बाजाराच्या आदल्या दिवशी. माप झालं नसेल तरी हजेरीवर मजुरीचा मोठा हिस्सा द्या आणि उरलेला मापानंतर. लेखापरीक्षणवाले यावर हरकत घेतील. घेऊ द्या, आणि त्यांच्यासमोर विलंबाची किंमत मांडा: किती कुटुंबं त्या हंगामात उचलीवर गेली, किती मुलं शाळेतून गेली. ही आकडेवारी तुमच्या गटानं पहिल्यांदा गोळा केली तर तेच मोठं काम होईल.

दार हळूहळू अरुंदही होतं, त्यावर नजर ठेवा. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं, त्याबरोबर महाराष्ट्रातल्या हमीची मजुरीही वाढली. तेवढा पैसा आणि तेवढी कामं मात्र निघाली नाहीत. कायद्यात शब्द तोच राहिला, मागेल त्याला काम. प्रत्यक्षात मिळेल त्याला काम असं झालं. जाहीरपणे कुणी दार लावत नाही, कामंच निघत नाहीत.

हाच विचार धान्याला लावा. ज्या राज्यांनी रेशनमध्ये गरीब-बिगरगरीब हा घोळ कमी केला तिथे गळती कमी झाली. तमिळनाडूनं रेशन सगळ्यांसाठी ठेवलं. छत्तीसगडनं २००४ नंतर दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती आणि बचत गटांकडे दिली आणि पुढे बहुतेक ग्रामीण कुटुंबांना त्यात घेतलं. कारण साधं आहे. गावातल्या दहा घरांचं धान्य चोरलं तर बोलणारं कुणी नसतं. ऐंशी घरांचं चोरलं तर त्यात शिक्षक असतो, माजी सैनिक असतो, सरपंचाचा चुलता असतो, आणि दुकानासमोर आवाज होतो. आपल्याकडे पिवळं, केशरी, पांढरं असे रंग १९९९ मध्ये आले. पिवळ्यासाठी वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा. रंग मिळवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा, चकरांसाठी बुडालेली मजुरी. राष्ट्रीय पातळीवर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ग्रामीण भागात ७५ आणि शहरात ५० टक्के लोकांपर्यंत जायचं ठरवलं, ही मोठी झेप होती. पण ८१.३५ कोटींचा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला, आणि पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही. लोकसंख्या वाढली, मर्यादा तिथेच राहिली. तुमच्या मसुद्यात आकडा लिहाल तेव्हा तो आपोआप वाढेल अशी तरतूद त्याच वाक्यात करा. आणि कार्ड माणसाबरोबर फिरलं पाहिजे. ऊसतोडीच्या कोपीत, वीटभट्टीवर, बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत.

आता यादीची खरी जागा. दार कितीही रुंद केलं तरी काहीजण तिथवर येत नाहीत. एकटी म्हातारी, अंथरुणाला खिळलेला माणूस, मनानं आजारी, रस्त्यावर राहणारे, ज्यांची कुठेच नोंद नाही ते. माती वाहायची हमी त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी शोधत जावंच लागतं, आणि ते शोधणं घराघरात गुण मोजून होत नाही, शेजाऱ्यांना विचारून होतं. केरळनं २०२१ पासून हे केलं. वॉर्डावॉर्डातून लोकांच्या समित्यांनी नावं सुचवली, पडताळणी झाली, आणि ६४,००६ कुटुंबं निघाली. नंतर प्रत्येक कुटुंबासाठी वेगळा आराखडा झाला: याला औषध, त्याला घर, तिसऱ्याला आधी ओळखपत्र. अनेकांकडे साधे कागदच नव्हते, म्हणून पहिलं काम कागद मिळवून देण्याचं होतं. १ नोव्हेंबर २०२५ ला राज्यानं अतिदारिद्र्य संपल्याचं जाहीर केलं. त्या घोषणेवर अभ्यासकांनी प्रश्न विचारले, ते विचारायलाच हवेत. मला त्या कामातला आकाराचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. यादी इतकी लहान होती, की प्रत्येक नावामागचा माणूस कुणाला तरी माहीत होता. आणि ते जमलं, कारण बाकीच्यांसाठी रेशन, पेन्शन, दवाखाने, १९९८ पासून विणलेलं कुटुंबश्री या बायकांच्या बचत गटांचं जाळं अशी दारं आधीच उघडी होती. तुमच्या गटातले लोक केरळची यादी उचलतील आणि त्यामागची चाळीस-पन्नास वर्षं विसरतील, तेव्हा आठवण करून द्या.

जे काम करू शकतात पण ज्यांच्याकडे काहीच नाही, अशा कुटुंबांसाठी बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेनं २००२ मध्ये सुरू केलेली पद्धत चांगली आहे. आधी शेळ्या, गाय किंवा छोटं दुकान असं काहीतरी हातात, काही महिने खाण्यापुरते पैसे, आणि दोन वर्षं दर आठवड्याला घरी येणारा माणूस. भारतासह सहा देशांत ती तपासून पाहिली गेली, २०१५ मध्ये निष्कर्ष आले, आणि मदत थांबल्यावर वर्षभरानंतरही बहुतेक ठिकाणी फायदा टिकलेला दिसला. बिहारनं २०१८ पासून सतत जीविकोपार्जन योजनेत हीच वाट धरली. आपल्याकडे शेळ्या वाटल्या जातात आणि दर आठवड्याला येणारा माणूस अंदाजपत्रकात कापला जातो. तो माणूस कापायचा असेल तर शेळ्याही वाटू नका.

आणखी एका बाजूकडे लक्ष द्या. धोरण गरिबीतून बाहेर काढण्याच्या शिड्या मोजतं, आणि खाली घसरायची जागा मोकळी सोडतं. मी पाहिलेल्या कुटुंबांत घसरण बहुतेक वेळा दवाखान्यातून सुरू झाली. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, पण वाटा अजून फार मोठा आहे. विमा योजना दाखल झाल्यावर पैसे देतात. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, क्षयाच्या रुग्णाचा खिसा दर महिन्याला औषधाच्या दुकानात रिकामा होतो. तमिळनाडूनं नव्वदच्या दशकात औषधांची मध्यवर्ती खरेदी सुरू केली, राजस्थाननं २०११ मध्ये सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं दिली. दारिद्र्याच्या धोरणात ‘औषध’ हा शब्द आला की कुणीतरी म्हणेल, तो आरोग्य खात्याचा विषय. ऐकून घ्या आणि मसुद्यात तो शब्द तसाच ठेवा.

पैशाचा विचार तुम्ही शेवटी ठेवला आहे, तो पुढे आणा. हमी आणि वार्षिक तरतूद एकत्र नांदत नाहीत. काम मागणारे वाढले आणि तरतूद ऑक्टोबरमध्ये संपली, तर पुढचे महिने मजुरी थकते आणि लोक परत मुकादमाकडे जातात. महाराष्ट्रानं हमीसाठी स्वतंत्र निधी केला आणि १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. त्यात वाहनांवरचे, विक्रीवरचे, बागायती जमिनीवरचे अधिभार जोडले आणि तेवढीच रक्कम सरकारनं घालायची असं ठरवलं. आजही पगारदाराच्या पावतीवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात. वर्षाला २,५०० ही मर्यादा संविधानाच्या २७६ व्या कलमात १९८८ पासून तशीच आहे. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून खानापूर-आटपाडीच्या, भूम-परंड्याच्या बांधावरच्या मजुराची मजुरी निघाली, ही मला या राज्याच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. शहरानं दुष्काळी गावाचा भार उचलला, आणि बदल्यात गावाकडून शहराकडे उपाशी लोटणारे लोंढे काही प्रमाणात थांबले. दोघांचा फायदा होता, म्हणून सगळ्या पक्षांनी तो चालू ठेवला. तुमच्या धोरणालाही असा एखादा कर शोधा, ज्याचं नाव लोकांना माहीत असेल आणि तो कशासाठी जातो तेही.

खाली जाणारा पैसा खाली पोचला का, हे पाहायचं काम पैसा वाटणाऱ्या खात्याकडे ठेवू नका. युगांडात नव्वदच्या दशकात शाळांच्या अनुदानाचा माग काढला, तेव्हा १९९१ ते १९९५ या काळात सरासरी १३ टक्केच रक्कम शाळांपर्यंत पोचल्याचं दिसलं. मग कोणत्या जिल्ह्याला किती पाठवलं ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात झाली, आणि पोचणारा हिस्सा खूप वाढला. सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांनीच केलेली कामाची आणि हिशेबाची तपासणी, आपल्या २००५ च्या कायद्यात होतंच. ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं जातं तिथे चालतं.

राहिला तुमच्या सहा महिन्यांचा हिशेब. पहिले सहा आठवडे कुठलाही तक्ता भरू नका. गटातल्या प्रत्येकाला एकेका तालुक्याला पाठवा, आणि तिथे तहसील, पंचायत समिती, रेशन दुकान, बँकेची शाखा या चार खिडक्यांसमोर आठवडाभर बसवा. कोण आलं, काय मागितलं, काय उत्तर मिळालं, किती वेळा परत पाठवलं, एवढंच वहीत लिहायचं. एक आठवडा ऊसतोडीच्या हंगामात आणि पुढे जमेल तेव्हा एक हंगामाबाहेर, म्हणजे कुलपं लागलेली घरंही दिसतील. जे गाव सोडून गेलेत त्यांच्या मागे कारखान्याच्या तळावरही कुणीतरी जावं. त्या वह्या एकत्र वाचल्यावर कोणती दारं बंद आहेत आणि कशानं, हे तुम्हाला कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा स्पष्ट दिसेल. मग खर्चाचं गणित मांडा, त्यानंतर योजना. यादी पाचव्या महिन्यात, लहानशी, गावानं सांगितलेली.

तुमच्या गटाच्या प्रमुखांना हा क्रम पटणार नाही असं वाटलं, तर वाद घालण्याऐवजी त्यांनाच जानेवारीतल्या एखाद्या दिवशी अशा वस्तीवर घेऊन जा. बीड, जालना, नंदुरबार, कुठेही. दुपारी बाराच्या सुमारास जा आणि ओट्यावर कोण बसलंय ते त्यांना विचारू द्या.